एक्सबॉक्सचं पुढे काय? गेम पास, ऑनलाईन आणि आपण घेतलेले गेम: ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर दर महिन्याला पैसे भरून शेकडो गेम खेळायच्या सर्व्हिसचा, भाव वाढला तेव्हापासून दर दोन दिवसांनी कोणीतरी मला तेच विचारतंय. कळव्यातला भाचा, नेरुळचा आतेभाऊ, ऑफिसातली दोन मुलं, आणि ठाणे-वाशी लोकलला रोज भेटणारे एक काका, ज्यांना मुलाच्या दहावीनंतर कन्सोल घ्यायचाय. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे. मी पंधरा वर्षं एक्सबॉक्सवर खेळतोय, मनापासून आवडतं मला हे मशीन, त्यामुळे जिथे राग आलाय तिथे रागही लिहिलाय.

प्र. एक्सबॉक्स बंद होणार का? एका शब्दात सांग.

नाही. जून २०२५ मध्येच मायक्रोसॉफ्टने चिप बनवणाऱ्या एएमडीबरोबर पुढच्या मशीनच्या चिपसाठी काही वर्षांचा करार जाहीर केलाय आणि आत्ताचे गेम त्याच्यावरही चालतील असं सांगितलंय. एका शब्दात विचारलंस म्हणून इथे थांबतो, पण पुढचं वाच.

प्र. मग सगळे एवढे घाबरलेत कशाला?

कारण आकडे खरंच वाईट आहेत. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत एक्सबॉक्सच्या हार्डवेअरची कमाई आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २९ टक्क्यांनी घसरली, आणि गंमत नाही सांगत, त्याच्या आदल्या वर्षी त्याच तिमाहीत पण २९ टक्केच घसरली होती. किती कन्सोल विकले हे सांगणं तर कंपनीने २०१५ पासूनच बंद केलंय. आत्ताच्या पिढीतला मोठा एक्सबॉक्स, म्हणजे सिरीज एक्स, अमेरिकेत ४९९ डॉलरला आला होता, मे २०२५ मध्ये ५९९ झाला, ऑक्टोबरमध्ये ६४९. पाच वर्षं जुनं मशीन स्वस्त व्हायचं सोडून महाग होतंय, असं आपण आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, पूर्वी कुठलाही कन्सोल दोन-तीन दिवाळ्या थांबलं की आवाक्यात यायचा.

त्यात माणसं कमी केली ते वेगळंच. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधली १,९०० माणसं गेली, मे २०२४ मध्ये अर्केन ऑस्टिन आणि टँगो गेमवर्क्स हे गेम बनवणारे स्टुडिओ बंद केले, जुलै २०२५ मध्ये पूर्ण मायक्रोसॉफ्टमध्ये साधारण ९,००० लोकांची कपात झाली तेव्हा परफेक्ट डार्क आणि एव्हरवाइल्ड हे दोन गेम पण रद्द झाले. टँगोचं मला सगळ्यात जास्त लागलं, हाय-फाय रश एवढा सुंदर गेम बनवला त्यांनी, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि वर्ष-सव्वा वर्षात दुकान बंद. नंतर क्राफ्टॉन नावाच्या दुसऱ्या कंपनीने तो स्टुडिओ घेतला म्हणून वाचला. अशा बातम्या एकामागून एक आल्या की माणूस घाबरणारच, त्याला कोणी उगाच घाबरट म्हणू नये.

दुसरी बाजू पण सांगतो. गेम पासची वर्षाची कमाई पहिल्यांदाच ५ अब्ज डॉलरच्या जवळ गेली असं मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे मशीन विकलं जात नाहीये पण सर्व्हिस चालतेय, आणि माझ्या मते पुढचं सगळं राजकारण ह्या एका गोष्टीतून येतंय.

प्र. ही वेळ आलीच कशी? जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या वेळी तर सगळीकडे एक्सबॉक्सच होता.

हो, होता. ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला तेव्हा युवराज सिंग आणि अक्षय कुमारला घेऊन जाहिराती केल्या होत्या, आमच्या नौपाड्यातल्या सायबर कॅफेवाल्याने पण दोन ३६० आणून तासावर लावले होते. मशीन बिघडून लाल दिवे लागायचा लोचा झाला, त्यासाठी कंपनीने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षं केली आणि त्याच्यावर १ अब्ज डॉलरच्या वर खर्च केला, पण लोकांनी साथ सोडली नाही.

खरा घोळ २०१३ चा. एक्सबॉक्स वन दाखवला तेव्हा सांगितलं की कन्सोलने २४ तासांतून एकदा नेटला लागून तपासणी करायची नाहीतर गेम चालणार नाही, जुनी सीडी विकण्यावरही बंधनं. तेव्हाचं आपल्याकडचं नेट आठव. डोंगल लावून यूट्यूबचा गोल गोल फिरणारा चक्र बघत बसायचो आपण, पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईन डेड. आरडाओरडा झाल्यावर महिनाभराच्या आत तो नियम मागे घेतला पण डाग राहिला, किंमतही सोनीच्या प्लेस्टेशन ४ (पीएस४) पेक्षा १०० डॉलर जास्त. आणि भारतात पीएस४ जानेवारी २०१४ मध्ये मिळायला लागला, एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४ मध्ये. तेवढ्या आठ महिन्यांत माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधली चार पोरं प्लेस्टेशनला गेली, ती परत आलीच नाहीत.

एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत हेच कबूल केलं, की हरायला सगळ्यात वाईट पिढी आम्ही हरलो कारण त्याच पिढीत लोकांनी आपापली डिजिटल लायब्ररी बनवली. एकदा सामान एका घरात लागलं की माणूस घर बदलत नाही. हे वाक्य लक्षात ठेव कारण खाली मी पुन्हा ह्याच गोष्टीवर येणार आहे.

प्र. गेम पास महाग झाला त्याबद्दल एवढा राग का? नेटफ्लिक्स पण वाढवतंच की.

राग ह्यासाठी की गेम पासमुळेच आपल्यासारखी बरीच मंडळी एक्सबॉक्सकडे आली होती. नवा मोठा गेम आपल्याकडे साडेतीन ते पाच हजाराला पडतो. ठाण्यात घरभाडं, मुलांची फी, लोकलचा पास हे सगळं काढून वर्षाला असे किती गेम घेणार माणूस? दोन, फार तर तीन. २०१७ च्या जूनमध्ये गेम पास सुरू झाला आणि नंतर पहिल्या दिवशीच नवीन गेम त्यात यायला लागले तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं की ज्याचा पगार कमी आहे तो पण नवा गेम त्याच रात्री खेळू शकतो ज्या रात्री अमेरिकेतला मुलगा खेळतोय. माझ्या भाच्याने एका वर्षात असे छोटे छोटे वीस-बावीस गेम संपवले ज्यांची नावं पण मी ऐकली नव्हती, विकत घ्यायची वेळ आली असती तर त्यातला एकही घरात आला नसता.

आणि मग १ ऑक्टोबर २०२५ ला गेम पासच्या सगळ्यात महागड्या प्लॅनचा, अल्टिमेटचा, भाव अमेरिकेत १९.९९ वरून २९.९९ डॉलर, आपल्याकडे ८२९ वरून १,३८९ रुपये. महिन्याला ५६० जास्त म्हणजे वर्षाला ६,७२० जास्त. त्या भावाने पूर्ण वर्षाचे १६,६६८ होतात. छोटा एक्सबॉक्स, म्हणजे सिरीज एस, भारतात आला तेव्हा ३४,९९० ला होता, म्हणजे दोन वर्षांच्या अल्टिमेटच्या पैशात जवळजवळ एक मशीन. हे गणित मी वहीत मांडून बायकोला दाखवलं आणि तिने एकच विचारलं, एवढं खेळतोस का तू? खरं सांगायचं तर नाही खेळत.

लोकांनी बोंब मारली तर फरक पडतो का असं पण विचारतात. पडतो. जानेवारी २०२१ मध्ये ऑनलाईन खेळायला लागणाऱ्या लाईव्ह गोल्ड प्लॅनचा भाव जवळजवळ दुप्पट करायचं जाहीर केलं आणि लोक एवढे भडकले की एका दिवसात निर्णय मागे घेतला, वर फुकटच्या गेमना ऑनलाईनसाठी गोल्ड लागणार नाही हेही मान्य केलं. ह्या वेळी मात्र डिसेंबर २०२५ पर्यंत तरी मागे हटले नव्हते. भारतासारख्या काही देशांत आधीपासून ऑटो-रिन्यूवर असलेल्यांना तेव्हा जुना भाव चालू ठेवला होता, तुझं तसं असेल तर प्लॅन बंद करण्याआधी मेल नीट वाच, एकदा तोडलास तर नव्या भावाने घ्यावं लागेल.

प्र. मग कुठला प्लॅन घेऊ?

तू काय खेळतोस त्यावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कन्सोलसाठी तीन आहेत. इसेन्शियलमध्ये ऑनलाईन मल्टिप्लेअर आणि पन्नासेक गेम. प्रीमियममध्ये दोनशेच्या वर, पण कंपनीचे स्वतःचे नवीन गेम त्यात साधारण वर्षभराने येतात आणि कॉल ऑफ ड्यूटी त्या वर्षभराच्या वचनात धरलेलं नाही. अल्टिमेटमध्ये त्याहून जास्त, आणि कंपनीचे स्वतःचे नवीन गेम पहिल्या दिवसापासून.

फक्त मित्रांबरोबर रात्री दोन तास फुटबॉल खेळायचंय तर इसेन्शियल पुरे. फोर्टनाइटसारखा फुकटचा गेम असेल तर तेवढं पण नको, एप्रिल २०२१ पासून फुकटच्या गेमना काहीच लागत नाही, हे अजून कित्येकांना माहीत नाही आणि नुसत्या त्याच्यासाठी दर महिन्याला पैसे भरत बसलेत. अल्टिमेट मी स्वतः आता महिन्या-महिन्याने घेतो, गणपतीत सुट्टी असते तेव्हा एक महिना, दिवाळीत एक, बाकी बंद.

प्र. दादा, दर महिन्याला पैसे आपोआप कट होत नाहीत आणि सबस्क्रिप्शन मध्येच बंद पडतं.

हा एक्सबॉक्सचाच प्रॉब्लेम असेल असं नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कट होणाऱ्या पेमेंटना नियम लावलेत, आधी ग्राहकाची परवानगी नोंदवायची, कट होण्याच्या २४ तास आधी कळवायचं वगैरे. बँकेच्या ॲपमध्ये ती परवानगी चालू आहे का बघ. मला तर उलट हे बरं वाटतं, आपण विसरलो तर पैसे जात नाहीत.

प्र. इन्स्टावर एक जण ३०० रुपयात वर्षभराचं अल्टिमेट देतोय, घेऊ?

नको. तो तुला त्याचं अकाउंट देतो, पासवर्ड त्याच्याकडे, तेच अकाउंट अजून दहा जणांना विकलेलं. तुझे सेव्ह, तुझे मित्र, सगळं परक्याच्या नावावर. कोपरखैरण्यातल्या एका मुलाने असंच घेतलं होतं, तीन आठवड्यांनी पासवर्ड बदलला आणि विकणारा ब्लॉक करून गायब, त्याच अकाउंटवर त्याने पदरचे पैसे टाकून एक गेम घेतला होता तो पण गेला.

प्र. गेम पास बंद केला तर माझे गेम जाणार का?

ह्या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावतो.

गेम पासमधले गेम म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेली खोली. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, भाडं देतोय तोपर्यंत राहा, मालकाने भाडं वाढवलं तर एकतर द्या नाहीतर सामान बांधा, आणि कधी कधी मालकच येऊन सांगतो की ही खोली मी विकली, म्हणजे गेमच लिस्टमधून निघून जातो, दर महिन्याला काही ना काही निघतंच. तुझं सेव्ह राहतं पण गेम उघडत नाही. पैसे देऊन विकत घेतलेला गेम म्हणजे आपला ब्लॉक. सोसायटीचे नियम आहेत, पण भाडेकरू नाहीस.

ठाण्यात कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही, तरी गेमच्या बाबतीत आपण सगळे विसरलो. मी पण तेच केलं, पाच वर्षांत एवढं खेळलो आणि स्वतःच्या नावावर बघितलं तर अकरा गेम.

आणि ब्लॉकची किल्ली कुठे ठेवलीय ते पण माहीत पाहिजे. गेल्या जुलैमध्ये आमच्या गल्लीत रस्ता खणताना फायबर तुटली, दोन दिवस नेट नाही, बाहेर पाऊस, भाचा शनिवार-रविवार राहायला आलेला. फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या रेसचा गेम मी पूर्ण पैसे देऊन घेतलेला, डाउनलोड झालेला, सगळं मशीनमध्येच. भाचा फरशीवर मांडी घालून बसला, कंट्रोलर मांडीत, गेमवर बटण दाबलं की एक करडी चौकट यायची, ज्याने हा गेम घेतलाय त्याने साइन इन करावं. तो बंद करायचा, परत दाबायचा, परत तीच चौकट. पाच-सहा वेळा झालं, मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, मामा, हा तुझाच आहे ना?

कारण असं होतं की आदल्या दिवाळीत नेरुळला आतेभावाकडे गेलो तेव्हा त्याच्या मशीनवर साइन इन करून तेच ‘होम एक्सबॉक्स’ केलं होतं, म्हणजे त्याच्या पोरांना पण माझे गेम खेळता यावेत म्हणून. जे मशीन होम असतं त्याच्यावर घेतलेले गेम नेट नसलं तरी चालतात, दुसऱ्या मशीनवर मालकाने ऑनलाईन असावं लागतं. तेव्हा नेरुळला माझे गेम बिनधास्त चालत होते आणि माझ्या घरी नाही. शेवटी खिडकीच्या गजाशी मोबाईल धरून हॉटस्पॉट दिला, साइन इन झालं, आणि लगेच सेटिंगमध्ये जाऊन घरचं मशीन होम केलं. वर्षातून पाचदाच बदलता येतं ते, त्यामुळे जपून वापरा. आजच जाऊन तपासा, नेट चालू असताना.

प्र. पण कंपनीनेच सर्व्हर बंद केले तर विकत घेतलेलं तरी काय राहणार?

बरोबर भीती आहे. झालंय तसं. पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाईन खेळायची लाईव्ह सर्व्हिस २००२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १५ एप्रिल २०१० ला बंद केली. हेलो २ हा एक्सबॉक्सचा गाजलेला गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या मोजक्या लोकांनी त्या दिवशी मशीन बंदच केलं नाही, कारण लॉगआऊट झालं की परत आत जाता येणार नव्हतं, आणि ते तसेच दिवस-रात्र मशीन चालू ठेवून जवळजवळ महिनाभर खेळत राहिले, एकेक करून कनेक्शन तुटत गेलं आणि मे महिन्यात शेवटचा माणूस बाहेर पडला. मला हे आठवलं की अजून गलबलून येतं. नंतर चाहत्यांनी स्वतः इन्सिग्निया नावाची पर्यायी सर्व्हिस उभी केली आणि ते जुने गेम परत ऑनलाईन आणले, पगार नाही काही नाही, नुसत्या प्रेमापोटी.

३६० च्या बाबतीत जरा बरं वागले. स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं पण आधी घेतलेले गेम परत डाउनलोड करता येतात, आणि जे नव्या मशीनवर चालतात ते नव्या स्टोअरमधून अजूनही विकत मिळतात. २०१५ पासून २०२१ पर्यंत एवढी मेहनत घेऊन जुने गेम नव्या मशीनवर चालवून दाखवले, तेवढं दुसऱ्या कुठल्याही कन्सोलवाल्याने केलेलं नाही. माझ्यासाठी एक्सबॉक्सची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे. उद्या पुढच्या मशीनवर आत्ताची लायब्ररी चालली तर मी बाकी सगळं माफ करीन, आणि नाही चालली तर मग मात्र मी पण राम राम करीन.

प्र. म्हणजे एक्सबॉक्सचा सेगा होणार का?

ह्यावर आमच्यात तलावपाळीला दोन तास वाद झालाय, चहा थंड झाला पण कोणी मागे हटलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेगाने ड्रीमकास्ट नावाचा कन्सोल जपानमध्ये १९९८ ला आणि अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला आणला. आतच मोडेम बसवलेला, फोनची वायर लावली की ऑनलाईन, तेव्हा कोणाच्या डोक्यात पण नव्हतं असं काही. सप्टेंबर २००० मध्ये सेगानेट ही स्वतःची नेट सर्व्हिस पण काढली, आणि डिसेंबर २००० मध्ये फँटसी स्टार ऑनलाईन हा गेम, त्यात जगभरातले लोक एकत्र खेळायचे. आणि ३१ जानेवारी २००१ ला जाहीर केलं की कन्सोल बंद, आता आम्ही फक्त गेम बनवणार. सेगाचे तेव्हाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी स्वतःचे जवळजवळ ७० कोटी डॉलर कंपनीला दिले आणि दीड महिन्यात ते वारले. त्याच वर्षी सेगाचा लाडका गेम सोनिक निन्टेन्डो ह्या प्रतिस्पर्ध्याच्या मशीनवर आला.

आमचा ऐरोलीचा मित्र म्हणतो बघा, हेलो प्लेस्टेशनवर येतोय म्हणजे तोच प्रकार. २४ ऑक्टोबर २०२५ ला त्यांनी पहिल्या हेलोचा नवा अवतार २०२६ मध्ये पीएस५ वर पण आणणार असं जाहीर केलं. फोर्झा होरायझन ५ एप्रिलमध्येच तिकडे गेला, गिअर्स ऑफ वॉर हा गेम ऑगस्टमध्ये. मग एक्सबॉक्स घ्यायचाच कशाला असं त्याचं म्हणणं, आणि त्याचं चुकत नाही. खारघरची एक मैत्रीण म्हणते की त्याने काय बिघडलं, जास्त लोक खेळले तर मॅच पटकन मिळेल, भारतात रात्री अकरानंतर आधीच माणसं मिळत नाहीत.

माझं मत असं की सेगाकडचे पैसे संपले होते, मायक्रोसॉफ्टचे संपलेले नाहीत, ॲक्टिव्हिजन ही कॉल ऑफ ड्यूटीवाली कंपनी घ्यायला २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलर दिलेत त्यांनी. पण म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. सेगाला कन्सोल सोडायचा नव्हता, त्यांच्यावर वेळ आली. इथे वेळ न येताही कोणीतरी वरून सांगू शकतो की मशीन विकण्यात मजा नाही, सोडून द्या. सेगाचे अमेरिकेतले पीटर मूर, ज्यांनी ड्रीमकास्ट बंद झाल्याचं तिकडे सांगितलं, ते पुढे २००३ मध्ये एक्सबॉक्सलाच आले होते, म्हणजे त्या घरात हा धडा माहीत नाही असं कोणी म्हणू नये.

प्र. क्लाऊडवर खेळता येतं म्हणे आता, मग मशीन घेऊच कशाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आलंय, हो. गेम लांबच्या डेटा सेंटरमध्ये चालतो आणि तुझ्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर त्याचा व्हिडिओ येतो, तू बटण दाबलंस की ते तिकडे जातं आणि चित्र परत येतं. महापे-रबाळेला डेटा सेंटरच्या एवढ्या इमारती झाल्यात म्हणून आपल्याकडे मक्खन चालेल असं धरू नकोस, तुझा गेम त्यातल्याच कुठल्या इमारतीत चालतोय असं नसतं.

२० एमबीपीएस लागतं म्हणतात. त्या वेगाने तासाला ९ जीबी डेटा जातो. मोबाईलला दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर तेरा मिनिटांत संपला. घरचं ब्रॉडबँड असेल तर ठीक, पण राऊटर हॉलमध्ये आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल तर भिंतीतच सिग्नल मरतो, शक्य असेल तर सरळ लॅनची वायर ओढून घे. गोष्टीचे गेम, सावकाश खेळायचे गेम छान चालतात. क्रिकेट किंवा फायटिंग नको, बॅटिंगला टायमिंग थोडंसं जरी पुढे-मागे झालं तरी दांडी गुल.

डाउनलोड करायला एक गेम १०० जीबीचा असेल तर १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास लागतात. एवढं थांबायचं नसेल तेव्हा गेम आवडतोय का हे बघायला क्लाऊड उत्तम, मी तेवढ्यासाठीच वापरतो.

प्र. सिरीज एस की एक्स? आणि नवा येईपर्यंत थांबू का?

सीडी ड्राईव्हवाला एक्स मिळत असेल आणि परवडत असेल तर तोच. एसमध्ये सीडी जात नाही, म्हणजे जुनी सीडी घ्यायची आणि खेळून झाली की विकायची हा आपला मध्यमवर्गीय मार्गच बंद. आणि आधी घरात जुन्या सीड्या असतील तर एक्समध्ये टाकून बघ, यादीत असेल तर ३६० ची सीडी पण चालते, गेम नेटवरून उतरतो आणि सीडी फक्त किल्लीसारखी लागते.

थांबायचं का? पुढच्या मशीनची तारीख कंपनीने डिसेंबर २०२५ पर्यंत सांगितलेली नव्हती. आत्ता हातात असेल तर तोच वापर. नवीन घ्यायचाच असेल तर दुकानात स्टॉक आहे का आधी फोन करून विचार, वाशीला एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत यायला नको.

प्र. सरळ पीएस५ घेतला तर?

घे. खरंच सांगतो, वाईट वाटून घेणार नाही. ठाणे-नवी मुंबईत तुझे दहातले आठ मित्र प्लेस्टेशनवर असतील तर तू एकटा इकडे येऊन काय करणार, ऑनलाईनची मजा माणसांमुळे आहे. सीड्या सेकंडहँड भरपूर मिळतात, आणि आता एक्सबॉक्सचे बरेच गेम पण तिकडे येतात. फक्त तिकडे सगळं कायमचं आहे असं समजू नकोस. २०११ मध्ये त्यांचं नेटवर्क २३ दिवस बंद होतं आणि ७ कोटी ७० लाख अकाउंटची माहिती चोरीला गेली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये पण जवळजवळ दिवसभर बंद पडलं. भाड्याचं आणि मालकीचं हे मी वर लिहिलं ते तिकडेही तसंच लागू आहे.

लोकलवाल्या काकांना मी हेच सांगितलं, की मुलाला विचारा त्याचे मित्र कशावर खेळतात, आणि तेच घ्या.

प्र. माझा जुना ३६० माळ्यावर पडलाय, विकू का?

आत्ता नको. आधी खाली काढ, पुसून घे, पॉवर ब्रिकमध्ये धूळ असते ती ब्रशने काढ आणि चालू होतो का बघ. मग जुन्या अकाउंटने साइन इन कर, पासवर्ड विसरला असशील तर कॉम्प्युटरवरून आधी तो बदल. डाउनलोड हिस्ट्रीत जाऊन तेव्हा घेतलेले सगळे गेम उतरवून घे, स्टोअर बंद असलं तरी ते मिळतात. सेव्ह क्लाऊडला टाक म्हणजे जे गेम नव्या मशीनवर चालतात तिथे तू जिथे सोडलं होतंस तिथून सुरू होईल. आणि जे गेम नव्यावर चालत नाहीत ते फक्त ह्याच मशीनवर राहणार आहेत, कुठल्याही नव्या एक्सबॉक्सवर नाही, त्यामुळे त्यांची यादी कर आणि मला पाठव, माझ्याकडे नसलेल्या सीड्या असतील तर मी येऊन घेऊन जाईन.